वखारीतल्या उंदीर-घुशींसाठी एअरगन आणि छर्रे कसे निवडावेत

भात मळून घरात आलं आणि ऊस तुटून गेला की शिवारातले उंदीर माणसांच्या मागोमाग वस्तीकडे सरकतात. येळ्ळूर-खानापूरकडची भाताची कोठारं, निपाणीच्या वखारी, अथणी-रायबागकडची गुऱ्हाळं, सगळीकडे तेच. पिंजरे लावणं, बिळं काच आणि सिमेंट घालून लिंपणं, पोती जमिनीवर न ठेवता फळ्यांवर ठेवणं, एवढ्याने बहुतेक काम होतं. त्यानंतर पिंजऱ्याला हुशार झालेले चार-दोन उंदीर आणि एखादी थोराड घूस उरते. बंदूक त्यांच्यासाठी. बिळं उघडी ठेवून रात्रभर छर्रे मारणाऱ्याचे छर्रे संपतात, उंदीर संपत नाहीत.

आधी कायदा, कारण कोणती बंदूक घ्यायची याचं अर्धं उत्तर तिथेच मिळतं. शस्त्र नियम २०१६ प्रमाणे ४.५ मिमी, म्हणजे पॉइंट एक-सात-सात, बोअरची (बोअर म्हणजे नळीचा आतला व्यास) आणि २० ज्यूलपर्यंत ताकदीची एअरगन परवान्याशिवाय घेता येते. दुकानदार ओळखीचा आणि पत्त्याचा पुरावा मागतो, तो द्यावा. ५.५ मिमीची, म्हणजे टू-टू बोअरची एअरगन मोठ्या घुशीला जास्त बरी असं कुणी सांगेल. पण बोअर वाढला की परवाना लागतो. खऱ्या काडतुसाची टू-टू रायफल तर पूर्ण परवान्याची वस्तू आहे, आणि पीकरक्षणासाठी कायद्यात जी बंदूक धरली आहे ती ठासणीची. कोडगूतल्या कोडव लोकांना बंदुकीची सूट आहे, पण ती बेळगावात चालत नाही.

परवाना हातात असला तरी कोठारासाठी टू-टू घेऊ नये. तिची ४० ग्रेनची, म्हणजे साधारण २.६ ग्रॅमची, गोळी चुकून मोकळी सुटली तर दीड किलोमीटरपर्यंतही धोकादायक राहू शकते, आणि आपल्याकडे एका गावाचं शेवटचं घर आणि पुढच्या गावाचा पहिला गोठा यांत कित्येकदा तेवढंही अंतर नसतं.

वन्यजीव कायद्याचं पाचवं परिशिष्ट, म्हणजे उपद्रवी म्हणून मारायला मोकळे असलेल्या प्राण्यांची यादी, ज्यात उंदरांसोबत कावळा आणि फळं खाणारी वटवाघळं होती, ते २०२२ च्या दुरुस्तीने गेलं. त्याचा अर्थ आता काहीही मारा असा नाही. घरातला उंदीर आणि घूस एवढ्यांपुरतीच ही माहिती आहे. मोर, रानडुक्कर, साळिंदर, माकड, पक्षी यांच्याकडे नळी वळवायची नाही. त्यांनी नुकसान केलं असेल तर वनखात्याकडे अर्ज करावा. मनुष्यवस्तीत कुणाला इजा झाली तर गुन्हा वेगळा दाखल होतो.

बिलावर बोअर आणि ज्यूल लिहून घ्या आणि बंदुकीच्या पिशवीतच ठेवा. कोल्हापूरहून आणत असाल तर कोगनोळी नाक्यावर रात्री पिशवी उघडायला लावली की तो कागदच तुमच्या बाजूने बोलतो.

आता बंदूक. खोक्यावर "हजार फूट" छापलेलं असतं. तो वेग मोजलेला असतो ०.३५ ग्रॅमच्या हलक्या मिश्रधातूच्या छर्ऱ्यावर. हिशेब सोपा आहे: छर्ऱ्याचं वजन ग्रॅममध्ये, गुणिले वेगाचा वर्ग मीटरमध्ये, भागिले २०००. उत्तर ज्यूलमध्ये येतं. हजार फूट म्हणजे ३०५ मीटर, म्हणून ती बंदूक साधारण १६ ज्यूलची. तिच्यात शिशाचा ०.५५ ग्रॅमचा छर्रा घातला की वेग २४० मीटरच्या आसपास उतरतो, ताकद जवळपास तेवढीच राहते, आणि नेम कितीतरी सुधारतो. वेग बघून बंदूक घेणारे इथेच फसतात. १२ ते १६ ज्यूल पुरे. २० च्या काठावरची स्प्रिंगची बंदूक जास्त धक्का देते, आणि नवख्याच्या हातात तिचा नेम उलट बिघडतो.

स्प्रिंगची, नळी मोडून ताणायची बंदूक शेतकऱ्याला परवडते आणि गावात दुरुस्त होते. हवा भरायची पीसीपी बंदूक धक्का देत नाही, नेमाला सरस असते, पण पंप, सील, प्रेशर गेज असा पसारा सोबत येतो आणि किंमत कित्येक पटींनी जास्त. रोज वखार राखायची नसेल तर स्प्रिंगची घ्यावी. दुकानात घेताना नळी बंद करून हलवून बघा. सांध्यात ढिलाई असेल तर ती बंदूक कधीच एका जागी मारणार नाही. ताणलेल्या बंदुकीचा सेफ्टी कॅच तपासा. घोडा फार जड असेल तर नेम धरता धरता नळी हलते. नळीला आतून पीळ, म्हणजे छर्ऱ्याला फिरवणाऱ्या खाचा, आहे ना हेही विचारा. मेळ्यातल्या फुगे फोडायच्या बंदुकीसारखी गुळगुळीत नळी या कामाची नाही.

दुर्बीण लावणार असाल तर एअरगनसाठी बनवलेलीच हवी. स्प्रिंगची बंदूक आधी मागे आणि लगेच पुढे असा दुहेरी झटका देते, आणि मोठ्या रायफलची महागडी दुर्बीणसुद्धा त्यात आतून सैल होते. १० मीटरवर स्पष्ट दिसेल अशी, फोकस जुळवता येणारी घ्या. १०० यार्डांच्या अंतरासाठी जुळवलेल्या दुर्बिणीतून जवळचा उंदीर धूसर दिसतो आणि डोळा जरा सरकला की नेमही सरकतो.

छर्ऱ्यांचं दुकानात गेलं की भुलायला होतं. टोकदार, पोकळ टोकाचे, रंगीत प्लॅस्टिकचे, सगळे "जास्त खोल जातात" म्हणून विकले जातात. या ताकदीत पोकळ टोक उमलत नाही, नुसता वेग खातं. टोकदार छर्ऱ्याचं टोक डब्यातच वाकलेलं असतं, म्हणून तो भरकटतो. कामाचे दोनच आकार: १५ मीटरच्या आत सपाट डोक्याचा, त्यापुढे गोल डोक्याचा. सपाट छर्रा जवळून जास्त जोराने थडकतो, पण हवेत लवकर मंदावतो. ०.५ ते ०.५६ ग्रॅम वजन घ्यावं. जेएसबी कंपनीचा ८.४४ ग्रेनचा गोल छर्रा, म्हणजे ०.५५ ग्रॅम, बऱ्याच बंदुकांना मानवतो. आरडब्ल्यूएस कंपनीचा हॉबी हा छर्रा सपाट आणि हलका आहे, जवळच्या कामाला ठीक. प्रत्येक नळीची आवड वेगळी असते, म्हणून आधी दोन-तीन प्रकारचे लहान डबे घेऊन बघा. लोखंडी गोळ्या पीळदार नळीत घालू नयेत. नळीचे पीळ झिजतात, आणि जांभ्याच्या भिंतीवरून गोळी तुमच्याच डोळ्याकडे उलटते.

डबा पडला की छर्ऱ्यांच्या घेराची कड दबते. मूठभर ओतून कडा निरखा, वाकडे असतील ते बाजूला काढा. आपल्याकडच्या पावसाळ्यात शिशावर पांढरट थर चढतो, तसे जुने छर्रे फक्त सरावाला.

नेम बसवताना बंदूक घट्ट आवळू नका. स्प्रिंगच्या बंदुकीला हातात सैल पडू द्यावं लागतं: पुढचा हात नुसता आधाराला, दस्ता खांद्याला टेकलेला, दाबलेला नाही. रोज तीच जागा, तोच दाब. नव्या बंदुकीत कारखान्याचं तेल जळतं, पहिले ५० ते १०० छर्रे धूर आणि आवाज येतो, वेग वरखाली होतो. तोवर दुर्बिणीचे स्क्रू फिरवण्यात अर्थ नाही. मग २० मीटरवर कागद लावा, पाच-पाच छर्ऱ्यांनी जुळवा. दुर्बीण नळीपासून ४ सेंमी उंच असेल आणि वेग २४० मीटर असेल तर तीच बंदूक १० मीटरवर साधारण १ सेंमी आणि ५ मीटरवर २ सेंमीहून थोडं जास्त खाली मारते. छर्रा जवळ वर जायला हवा असं वाटतं, पण होतं उलट, आणि कोठारात हाताच्या अंतरावरचे नेम याच कारणाने चुकतात. आकडे स्वतःच्या बंदुकीचे काढा आणि दस्त्यावर चिकटवा.

आता अंतर ठरवायची कसोटी. २० मिमीचं नवं एक रुपयाचं नाणं कागदावर ठेवून त्याभोवती पेन्सिल फिरवा. बसून, टेकू घेऊन, वखारीत ज्या उजेडात मारणार त्याच उजेडात दहा छर्रे मारा. दहाच्या दहा रेषेच्या आत पडतात ते तुमचं अंतर. नऊ पडले तर दोन मीटर पुढे सरका. दहावा छर्रा म्हणजे जबडा फुटलेली घूस, जी पोत्यांच्या थप्पीमागे दोन दिवस जगते आणि मग सडते. बहुतेकांचं अंतर १५ ते २० मीटर निघतं. उंदीर जवळ येईपर्यंत वाट बघता येते, त्यात कमीपणा नाही.

नेमाची जागा मेंदू. आडवा उभा असेल तर डोळा आणि कानाचं मूळ यांच्या मधोमध. तोंड समोर असेल तर दोन डोळ्यांच्या रेषेच्या किंचित वर. पाठमोरा असेल तर दोन कानांच्या मध्ये कवटीच्या बुडाशी. छातीत लागलेला उंदीरही मरतो, पण बिळात पोचून. पळत्या उंदरावर कधीच नाही.

तो थांबावा म्हणून आमिष घट्ट बांधा. शेंगदाण्याचा कूट आणि गूळ मळून तारेच्या जाळीखाली फळीवर ठोका, म्हणजे उंदराला ते पळवता येत नाही, तिथेच कुरतडावं लागतं. नव्या वस्तूला उंदीर बिचकतो, म्हणून तीन-चार रात्री नुसतं खाऊ द्या. फळी भिंतीकडेला ठेवा, कारण तो भिंतीला घासूनच चालतो, आणि मागे मातीने गच्च भरलेलं पोतं. आमिषामागे कौलं, पत्रे, जांभा, लोखंडी कणगी असेल तर जागा बदला. चुकलेला छर्रा मोकळ्यात तीनशे मीटरच्या पुढेही जाऊ शकतो. उजेड लाल ठेवा, तो त्यांना फारसा दिसत नाही. डोळ्यावर चष्मा हवाच.

पहिला छर्रा लागल्यावर लगेच दुसरा भरा, मग बघायला जा. नळी मोडलेली असताना बोट आत असेल तेव्हा दुसऱ्या हाताने नळी धरून ठेवा. घोडा चुकून सुटला तर नळी फटकन मिटते आणि बोट सांध्यात सापडतं. पाय झाडणारं प्रत्येक जनावर जिवंत नसतं. काडीने डोळ्याच्या बुबुळाला स्पर्श करा, पापणी हलली तर पुन्हा त्याच जागी मारा.

मेलेला उंदीर उकिरड्यावर टाकू नये. शरीरात शिसं राहतं, ते गव्हाणी घुबडाच्या, धामणीच्या, आपल्याच कुत्र्याच्या पोटात जातं. हातमोजे घालून दोन फूट खोल पुरा. उंदराच्या मुतातून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) हा आजार पसरतो, पावसाळ्यात पायाला जखम असताना अनवाणी वखारीत फिरू नका. छर्रे हाताळल्यावर साबणाने हात धुवूनच जेवा.

बंदूक ताणून ठेवून झोपू नका, स्प्रिंग मरते. छर्ऱ्याशिवाय घोडा ओढला तर पिस्टन आपटून सील फुटतो. नळीत खोबरेल किंवा इंजिन ऑइल घातलं तर ते हवेच्या दाबाने पेटतं, धूर येतो, सील जळतो. पावसाळ्यात बाहेरून पातळ तेलाचा हात फिरवा. रेक्झिनच्या बंद पिशवीत ठेवू नका, खानापूरच्या दमट हवेत आठवड्यात गंज चढतो. छर्रे एका कुलपात आणि बंदूक दुसऱ्या.