कृष्णकमळ लावण्याआधी खड्डा दोनदा भरा

कृष्णकमळाची वेल लावायचं मनात असेल तर आधी नर्सरीत जाऊ नका. आधी जागा ठरवा, तिथे दीड फूट खोल खड्डा खणा आणि पाण्याने काठोकाठ भरा. पाणी जिरलं की पुन्हा भरा. मोजायचं ते हे दुसरं पाणी. पहिलं किती लवकर जिरलं याला आपल्या इंदूरच्या काळ्या मातीत काहीही अर्थ नाही. मागच्या वेळी मी भर मे महिन्यात एकदाच पाणी ओतून पाहिलं, ते बघता बघता गेलं आणि मी निर्धास्त झाले. वेल भाद्रपदात गेली.

माळव्याची माती उन्हाळ्यात आकसते आणि हात आत जाईल एवढ्या भेगा पडतात. तेव्हा ओतलेलं पाणी मातीत मुरत नाही, भेगांमधून खाली पळून जातं. पाऊस सुरू झाला की तीच माती फुगते, भेगा मिटतात आणि पाण्याला खाली उतरायला वाट राहत नाही. इथे वर्षाला साधारण ९५० मिलिमीटर पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरात. म्हणजे तुमची वेल चार महिने ज्या मातीत उभी राहणार ती फुगलेली माती आहे, आणि परीक्षा तिचीच घ्यायला हवी. पहिलं पाणी फक्त भेगा बुजवायला. ते रात्रभर मुरू द्या. सकाळी दुसऱ्यांदा भरा, आत काठी उभी करून पाण्याच्या पातळीवर खूण करा आणि तासाभराने बघा. तासाला निदान इंचभर पाणी उतरायला हवं. संध्याकाळपर्यंत डबकं तसंच असेल तर त्या जमिनीत कृष्णकमळ टिकणार नाही, तुम्ही कितीही खत घाला. जागा नवीन कॉलनीतली असेल आणि वर मुरमाचा भराव असेल तरी दीड फूट खणाच, कारण मुरमाखाली बहुधा काळी माती असते.

निचरा नाही असं दिसलं की बहुतेक लोक खड्डा मोठा करतात आणि त्यात वाळू, कोकोपीट, शेणखत घालून छान भुसभुशीत माती भरतात. माळीही हेच सुचवतात. करू नका. चारी बाजूंना चिकण माती आणि मधे भुसभुशीत, म्हणजे तुम्ही अंगणात एक हौद बांधलात, आजूबाजूचं सगळं पाणी त्यातच येऊन थांबणार. तळाशी विटांचे तुकडे घातले तरी तेच. पाण्याला बाहेर पडायला वाट नसेल तर विटा पाण्यात बुडतात, बाकी काही होत नाही.

खड्डा बुजवून टाका आणि जमिनीवर ओटा करा. जुन्या विटा सिमेंट न लावता नुसत्या रचायच्या, म्हणजे फटींतून पाणी बाहेर येतं. उंची दीड फूट, लांबी-रुंदी तीन-तीन फूट. एक भाग बागेतली माती, एक भाग जाड वाळू किंवा चाळलेला बारीक मुरूम आणि एक भाग पूर्ण कुजलेलं खत. घरच्या ओल्या कचऱ्याचं खत असेल तर उत्तम, पण मुठीत धरल्यावर त्याला जंगलातल्या मातीचा वास यायला हवा. आंबूस वास येत असेल तर ते अजून तयार नाही. ओटा काठाच्या वर चार बोटं भरा, माती खचते. ओटा जमत नसेल तर सोळा इंची कुंडी घ्या. मोठी कुंडी नुसती ठेवू नका, दोन विटांवर ठेवा, नाहीतर खालचं भोक फरशीला चिकटून बंद होतं.

जागा निवडताना ऊन सगळे बघतात, गच्चीचा पाइप कोणी बघत नाही. निम्म्या घरांत पावसाळी पाण्याचा पाइप नेमका त्या कोपऱ्यात सुटतो जिथे वेल चढवायची असते. एकदा वर जाऊन बादलीभर पाणी ओता आणि ते खाली कुठे पडतं ते पाहून घ्या. ऊन पाच-सहा तास हवं, सकाळचं मिळालं तर छानच. पश्चिमेची भिंत टाळा. मे महिन्यात पारा ४२ च्या पुढे जातो तेव्हा ती भिंत रात्रीपर्यंत तापलेली असते.

आधार वेल आणण्याआधी लावा. कृष्णकमळ आपल्या कुरळ्या तंतूंनी चढतं आणि ते तंतू बारीक वस्तूलाच विळखा घालू शकतात. जाड बांबू किंवा लोखंडी पाइप त्यांच्या कवेत येत नाही. तार किंवा कुंपणाची जाळी बांधा, भिंतीपासून चार बोटं अंतर ठेवून, म्हणजे हवा खेळती राहते.

आता नर्सरी. इथे ‘राखी बेल’ म्हणून मागा, लगेच समजतं. जाती पुष्कळ आहेत. कृष्णकमळाचं शास्त्रीय नाव पॅसिफ्लोरा, त्याच्या पाचशेहून जास्त आणि बहुतेक मूळच्या अमेरिका खंडाच्या उष्ण प्रदेशातल्या. पहिली वेल असेल तर जांभळी, तीन बोटांसारख्या पानांची घ्या. लाल फुलांची फार देखणी असते, पण आपल्याकडे जानेवारीत काही रात्री पारा पाच-सहा अंशांवर येतो आणि तो तिला सोसत नाही. फूल लागलेलं रोप बघून भुलू नका. पिशवीच्या भोकांतून मुळं बाहेर येऊन गुंडाळलेली असतील तर दुसरं मागा.

लावायचं कधी? सगळे आषाढात लावतात. मी म्हणेन फेब्रुवारीअखेर, नाहीतर रंगपंचमीच्या आत. म्हणजे पावसाळा येईपर्यंत मुळं ओट्यात पसरलेली असतात. एप्रिल-मे मध्ये दुपारी हिरवी जाळी धरावी लागते, तेवढी मेहनत करा. रोप पिशवीत जेवढं खोल होतं तेवढंच खोल लावा. खोडाभोवती माती चढवू नका, खत तर मुळीच नको, खोड जमिनीलगत मोकळं राहू द्या.

पाणी. उन्हाळ्यात रोज, ओट्यातली माती बोटभर खाली कोरडी लागली तर. नर्मदेचं असेल तर बरं, बोअरचं जड पाणी सतत दिलं की पानं पिवळी पडून शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. पावसाळ्यात हात आवरा. आणि ही खूण पाठ करा: माती ओली आहे तरी पानं मलूल झाली, तर वेलीला तहान लागलेली नाही, मुळं कुजताहेत. अशा वेळी घाबरून आणखी पाणी घातलं की संपलं. जमिनीलगत खोडाला नख लावून पाहा. साल तपकिरी, मऊ होऊन सुटत असेल तर वरच्या निरोगी फांद्यांच्या वीतभर काड्या कापून लगेच कुंडीत लावा, मूळ वेल बहुधा वाचत नाही. म्हणून पुन्हा सांगते, खड्डा दुसऱ्यांदा भरल्याशिवाय जमिनीत काहीही लावू नका. शेजारी म्हणतील एवढं काय त्यात, आमचं तर असंच आलं. त्यांची जागा उताराची असेल.

खत थोडंच. शेणखत किंवा युरिया भरमसाट घातला की पानांचं रान माजतं आणि फुलं येत नाहीत.

फूल उमललं की जवळ जाऊन बघा. जांभळे तंतू ते कौरव, पाच पुंकेसर ते पांडव, वर तीन कुक्षी ते ब्रह्मा-विष्णू-महेश. घरोघरी थोडं वेगळं सांगतात. पुंकेसरांच्या परागाच्या पिशव्या खाली तोंड करून असतात, म्हणून मोठा काळा भुंगा मधासाठी खालून शिरला की त्याची पाठ पिवळी होते. फूल एकच दिवस टिकतं. भुंग्यांसाठी तरी दिवसा फवारणी करू नका.

देठांवर मुंग्या दिसतील. पानाच्या देठावर दोन बारीक गाठी असतात, त्यांतून गोड रस येतो, मुंग्या त्याच्यासाठी येतात. रोग नाही तो. पानं खाणाऱ्या तांबूस, काटेरी अळ्या मात्र काढाव्या लागतात. केशरी फुलपाखरू पानाखाली पिवळ्या अंड्यांचा पुंजका घालतं. ते पान तोडून टाकलं की काम झालं. औषध नको. पानं शेळीला किंवा मुलांच्या तोंडात जाऊ देऊ नका, त्यांतल्या काही द्रव्यांपासून सायनाइड तयार होतं.

थंडीत वाढ थांबते, पानं गळतात. पाणी कमी करा, खत बंद. उपटू नका. फेब्रुवारीत खोड नखाने खरवडून पाहा, आत हिरवं असेल तर जिवंत आहे. तेव्हाच छाटणी करा, एक तृतीयांश, जुनं गुंतलेलं आधी. फुलं नव्या फुटीवर येतात. लांबवर जमिनीतून कोंब निघाले तर मुळासकट काढा, हवे असतील तर कुंडीत लावा. आणि ओट्याची माती खचली असेल, जून लागायच्या आत वर चढवा.