गच्चीवरचा ४० मीटर डायपोल: मोजणी, बांधणी आणि जुळणी

हौशी रेडिओचा परवाना हाती आला की बहुतेकांचे पैसे ट्रान्सीव्हरवरच (संदेश पाठवणाऱ्या आणि घेणाऱ्या रेडिओ संचावरच) संपतात आणि अँटेनाचा विचार मागे पडतो. वास्तविक ४० मीटर बँडचा (सुमारे ४० मीटर तरंगलांबीच्या पट्ट्याचा) डायपोल अँटेना घरी बांधायला इलेक्ट्रिकच्या दुकानातली वायर, पीव्हीसी पाइपचे तुकडे, नायलॉनची दोरी आणि कोअॅक्स केबल (मधल्या तारेभोवती जाळी असलेली) एवढे सामान पुरते. भारतात या बँडचा ७.००० ते ७.२०० मेगाहर्ट्झ हा पट्टा हॅमना, म्हणजे हौशी रेडिओवाल्यांना, वापरता येतो, म्हणून पुढची सगळी मापे ७.१०० हा मध्य धरून दिली आहेत.

डायपोल म्हणजे सुमारे अर्ध्या तरंगलांबीची, मधोमध तोडलेली तार होय. १४३ ला मेगाहर्ट्झमधील वारंवारितेने भागले की एकूण लांबी मीटरमध्ये मिळते. ७.१ साठी ती २०.१४ मीटर, म्हणजे प्रत्येक भुजा जवळपास १० मीटर ७ सेंटिमीटर येते. हे उत्तर अंतिम समजू नये. वायरवरचे पीव्हीसी आवरण, जमिनीपासूनची उंची आणि भुजांचा उतार या तिन्ही गोष्टी अनुनाद (तार ज्या वारंवारितेला सर्वांत चांगला प्रतिसाद देते ती) खाली ओढतात, त्यामुळे प्रत्यक्ष लागणारी लांबी बहुधा थोडी कमीच निघते. तरीही प्रत्येक भुजा आधी १०.४० मीटरची ठेवावी आणि बांधणीसाठी वीसएक सेंटिमीटर वेगळे धरावेत. जास्तीची तार कापता येते, कापलेली मात्र जोडत बसावी लागते. दीड स्क्वेअर एमएमची अनेक पदरी तांब्याची वायर यासाठी उत्तम. आवरण काढण्याची गरज नाही.

मध्यभागासाठी एक इंची पीव्हीसी पाइपचा दहा-बारा सेंटिमीटरचा तुकडा घ्यावा आणि त्याच्या दोन्ही टोकांजवळ दोन-दोन भोके पाडावीत. प्रत्येक भुजेची तार भोकांतून ओवून स्वतःभोवती पीळ द्यावा, म्हणजे सगळा ताण पाइपवर येतो आणि डाखावर काहीच येत नाही. कोअॅक्सची मधली तार एका भुजेला आणि जाळी दुसरीला डाखावी. केबलही पाइपला नायलॉनच्या पट्टीने आवळून घ्यावी. नाही तर वाऱ्याने हलणाऱ्या केबलचे वजन आज ना उद्या जोड तोडते. टोकांना पाइपचे छोटे तुकडे आणि पुढे नायलॉनची दोरी बांधावी. आरजी-५८ केबल वीस मीटरपर्यंत असेल, तर या बँडवर होणारी हानी एका डेसिबलपेक्षा कमीच राहते, त्यामुळे महागड्या जाड केबलचा हट्ट येथे नको.

केबलच्या जाळीवरून परत येणारा प्रवाह अडवण्यासाठी जोडाच्या लगेच खाली केबलचे आठ-दहा वेढे ११० मिलिमीटरच्या ड्रेनेज पाइपवर घालावेत. त्याला जवळपास साडेतीन मीटर केबल लागते, ती खरेदीच्या वेळीच हिशेबात धरावी. फेराइट या चुंबकीय पदार्थाच्या कड्यावर वेढे घालून केलेला चोक (असाच प्रवाह अडवणारा भाग) अधिक चांगला, पण सुरुवातीला याने काम भागते.

आता जागा. साधारण गच्चीवर उलट्या ‘व्ही’चा आकार सर्वांत सोयीचा ठरतो: जिन्याच्या खोलीला पाच-सहा मीटरचा बांबू बांधून मधला भाग वर चढवावा आणि भुजा दोन बाजूंच्या कठड्यांकडे उतरत्या न्याव्यात. भुजांमधला कोन ९० अंशांपेक्षा कमी होऊ देऊ नये. गच्ची अपुरी पडली तर शेवटचा मीटर-दीड मीटर बाजूला वळवला तरी चालतो. प्रक्षेपण चालू असताना टोकांवर शेकडो व्होल्टचा दाब असतो, म्हणून ती माणसाच्या हाताला न लागतील एवढी उंच ठेवावीत. बांबू किंवा तार कोणत्याही बाजूला पडली तरी विजेच्या तारांपर्यंत पोहोचणार नाही, याची खात्री झाल्याशिवाय काम सुरूच करू नये.

जुळणी मात्र अँटेना त्याच्या कायमच्या जागी चढवल्यावरच करावी. जमिनीवर पसरून घेतलेली मापे निरुपयोगी असतात. नॅनोव्हीएनए (अँटेना मोजणारे छोटे उपकरण) किंवा एसडब्ल्यूआर मीटरवर सर्वांत कमी एसडब्ल्यूआर कुठे येतो ते पाहावे. अँटेनाकडून किती शक्ती परत येते हे एसडब्ल्यूआर सांगतो; १ म्हणजे काहीच परत येत नाही. समजा तो ६.८२ मेगाहर्ट्झवर आला, तर सध्याच्या २०.८० मीटरला ६.८२ ने गुणून ७.१० ने भागावे. उत्तर १९.९८ येते, म्हणजे एकूण ८२ आणि प्रत्येक भुजेतून ४१ सेंटिमीटर कमी करायचे. एकदम कापू नये. आधी तीसेक सेंटिमीटर टोक मागे दुमडून तारेवर घट्ट गुंडाळावे आणि पुन्हा मोजावे. दोन्ही बाजूंना सारखीच लांबी काढावी. बँडच्या मध्यावर, म्हणजे ७.१०० वर, १.५ च्या आत एसडब्ल्यूआर आला की थांबावे. त्याहून खाली आणण्यासाठी गच्चीवर घालवलेली दुपार वाया जाते.

कमी एसडब्ल्यूआर म्हणजे अँटेना चांगला, असेही नाही. माझ्या पहिल्या डायपोलचा जोड मी साध्या काळ्या टेपने गुंडाळला होता. पावसाळाभर मीटर १.२ दाखवत राहिला, पण हाकेला उत्तर येईना. सप्टेंबरात जोड उघडला तेव्हा जाळी काळी पडलेली होती आणि पाणी केबलच्या आत दोन-तीन मीटर उतरले होते. अशी केबल परत येणारी शक्तीही वाटेतच गिळते, म्हणून मीटरला सगळे आलबेल दिसते. तेव्हापासून मी जोडावर आधी स्वतःशीच चिकटणारा रबरी टेप आणि त्यावर इन्सुलेशन टेप लावतो, आणि केबल घरात शिरण्यापूर्वी तिला खाली एक झोका देतो, म्हणजे पाणी तिथेच ठिबकून जाते. वळवाचा गडगडाट सुरू होण्याआधी केबल ट्रान्सीव्हरपासून काढून खिडकीबाहेर ठेवावी.

एवढ्या उंचीवरचा ४० मीटर डायपोल बरीचशी शक्ती सरळ वर फेकतो. दूरच्या देशांसाठी हे गैरसोयीचे असले, तरी दिवसा पुण्याहून कोल्हापूर किंवा गोवा गाठायला हेच हवे असते. शिवाय हीच तार तिसऱ्या हार्मोनिकमुळे (मूळ वारंवारितेच्या तिपटीमुळे) २१ मेगाहर्ट्झच्या आसपासही अनुनाद देते. तिथला एसडब्ल्यूआर एकदा मोजून पाहावा, वेगळ्या अँटेनाशिवाय १५ मीटर बँडही हाती लागण्याची शक्यता असते.