ऑइल कूलर गळतोय का, कसं ओळखाल?

डिझेल गाड्यांत ऑइल कूलर (इंजिन ऑइल कूलंटने थंड करणारा भाग) बहुधा ऑइल फिल्टरच्या हाउसिंगलाच बसवलेला असतो. पातळ ॲल्युमिनियम प्लेट्सचे थर असतात, एका आड एक थरातून ऑइल आणि कूलंट वाहतं. प्लेटला चीर गेली किंवा ओ-रिंग (रबरी सील) कडक झाली की दोन्ही मिसळतात.

इंजिन चालू असताना ऑइलचं प्रेशर जास्त, म्हणून आधी ऑइलच कूलंटमध्ये शिरतं. इंजिन थंड असताना कूलंटच्या टाकीचं झाकण उघडा. आत कॉफीच्या रंगाचा चिकट साय असेल तर कूलरवर पहिला संशय घ्या. डिपस्टिकही (ऑइलची पातळी बघायची पट्टी) बघा. इंजिन बंद केल्यावर कूलंटचं प्रेशर काही वेळ टिकतं, तेव्हा उलटी गळतीही होते. डिपस्टिकवरचं ऑइल दुधाळ दिसलं तर गाडी सुरूच करू नका, बेअरिंग जातील. (पावसाळ्यात फक्त ऑइल कॅपखाली पांढरट थर दिसला तर ती बहुतेक वाफ असते.)

हेड गॅस्केट (इंजिनचं हेड आणि ब्लॉक यांमधलं सील) गेलं तरी ऑइल-कूलंट मिसळतं, पण त्याचं काम लगेच काढू नका. टाकीत सतत बुडबुडे, सायलेन्सरमधून पांढरा धूर, ही गॅस्केटची लक्षणं. दोन्ही नसतील तर कूलर काढा, ऑइलच्या बाजूचं एक तोंड बंद करा, दुसऱ्यातून साधारण 2 बार हवा सोडून गरम पाण्यात बुडवा. बुडबुडे आले की कूलर बदलायचाच, वेल्डिंग टिकत नाही. ओ-रिंग मात्र नेहमी नव्याच.

खरी मेहनत पुढे: कूलंट लाइन डिटर्जंटच्या पाण्याने स्वच्छ पाणी येईपर्यंत धुवा. ऑइलने फुगलेले होज (रबरी पाइप) बदला. ऑइल आणि फिल्टर दोन्ही नवीन टाका.