स्वयंशिस्तीसाठी तत्त्वज्ञांकडे वळताना या चुका टाळा

प्राचीन तत्त्वज्ञ वाचून स्वतःला शिस्त लावू पाहणाऱ्यांची एक चूक मी वर्षानुवर्षे पाहत आलो आहे: पुस्तक संपण्याआधीच संकल्प जाहीर होतात. आमच्या वाचनगटातील एका तरुणाने मार्कस ऑरेलियसच्या नोंदींचा पाचवा भाग वाचला. पहाटे अंथरुणातून उठण्यास कुरकुर करणाऱ्या स्वतःच्याच मनाची हा रोमन सम्राट कशी समजूत काढतो, ते त्याला इतके भावले की पहाटे चारला उठणे, साखर सोडणे, थंड पाण्याने स्नान आणि मोबाईलबंदी असे चार नेम त्याने सर्वांना कळवून एकाच दिवशी सुरू केले. बाराव्या दिवशी त्याला उठायला उशीर झाला. लाजेपोटी त्याने चारही नेम सोडले आणि गटात येणेही थांबवले.

त्याचे मला आजही वाईट वाटते, कारण मी त्याला आधी एपिक्टेटस वाचायला द्यायला हवा होता. गुलामीत वाढलेल्या या तत्त्वज्ञाचे सांगणे असे की सोसण्याचा सराव करायचा तर तो स्वतःसाठी करावा. कडक तहान लागली असता गार पाण्याचा घोट तोंडात घ्यावा, थुंकून टाकावा आणि कोणालाही सांगू नये. तेव्हापासून मी एका वेळी एकच नेम धरतो, तो अंगवळणी पडेपर्यंत दुसरा घेत नाही आणि घरातही त्याची वाच्यता करत नाही. हा मार्ग संथ आहे, पण एकवीस दिवसांत माणूस बदलण्याची हमी देणाऱ्या उपायांवर माझा मुळीच विश्वास नाही.

सुविचार वहीत उतरवणे म्हणजे सराव नव्हे. वैद्याचे बोलणे लक्षपूर्वक ऐकून पथ्य मात्र न पाळणाऱ्या रुग्णाची उपमा ॲरिस्टॉटलने अशाच लोकांना दिली आहे.

रात्रीच्या आत्मपरीक्षणाचे आत्मताडन होऊ देऊ नका. रोमन तत्त्वज्ञ सेनेका दिवा मालवल्यावर दिवसभराचे वागणे तपासत असे, स्वतःपासून काहीही लपवत नसे, आणि चूक सापडली की पुन्हा असे करू नकोस, या वेळी तुला क्षमा करतो, असे स्वतःला सांगत असे. मीही हे तपासणे अंथरुणावर पडल्यावरच करतो, आणि चुकलेला नेम दुसऱ्या दिवशी दुप्पट करून भरून काढत नाही, नेहमीएवढाच पाळतो.