यवतेश्वर घाटात चारही चाकांची ताकद कशी वापराल

साताऱ्यात माझं गॅरेज आहे. पावसाळ्यात कासला निघालेली एखादी ऑल-व्हील ड्राइव्ह, म्हणजे इंजिनची ताकद चारही चाकांना देणारी, स्पोर्ट्स कार दारात थांबली, की मी आधी टायर बघतो. चारही एकाच मापाचे, सारखेच झिजलेले हवेत. एकच नवा टाकला तर घेर बदलतो आणि ताकद वाटणाऱ्या क्लचवर सतत ताण येतो.

आता घाट. वळणाआधी, गाडी सरळ असतानाच वेग उतरवा. ब्रेक सगळ्याच गाड्यांना चारही चाकांना असतात, म्हणजे थांबताना या यंत्रणेचा काही उपयोग नाही. हे मी प्रत्येकाला दोनदा सांगतो.

खरा फायदा वळण सुटताना. स्टिअरिंग सरळ होऊ लागलं की ॲक्सिलरेटर हळूहळू दाबा. ३०० हॉर्सपॉवर दोनच चाकांवर पडली तर ओल्या डांबरावर ती जागीच फिरतात. चौघांत वाटली की प्रत्येकाच्या वाट्याला कमी येते, पकड टिकते. १९८० साली आलेल्या ऑडी क्वाट्रोनं रॅलीत हेच दाखवून दिलं.

नाक वळणाबाहेर जायला लागलं तर आणखी रेस देऊ नका. पाय हलका करा, पण झटक्यात काढू नका.

वर धुकं असेल तर मात्र लाइट लावून सावकाशच जा.