राखणीचा कुत्रा हाकेला कसा आणायचा

फार्महाऊस झालं, गोठा झाला, कंपाऊंड झालं की लोक डॉबरमॅन नाहीतर रॉटवायलरचं पिल्लू घेऊन येतात आणि अजून नीट चालताही न येणाऱ्या त्या पिल्लाकडे बघून विचारतात, हा अंगावर जायला कधी लागेल? माझं उत्तर ठरलेलं, अंगावर जायचं नंतर बघू, आधी हाक मारल्यावर येतो का ते सांगा. धावत सुटलेला कुत्रा एका शब्दात थांबत नसेल तर ती राखण नाही, डोक्याला ताप आहे. दूधवाला, लाइनमन, शेजारची पोरं, कुणाला फाडलं तर भारतीय न्याय संहितेचं कलम 291 आहे, जनावर नीट न सांभाळल्याबद्दल सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि दवाखान्याचा खर्च, गावात तोंड लपवणं ते वेगळंच.

रागीट व्हावा म्हणून अंधाऱ्या खोलीत कोंडायचं, दिवसभर साखळीला बांधायचं, मिरची चारायची, पोरांना काठीने डिवचायला लावायचं, हे प्रकार अजून चालतात आणि वर अभिमानाने सांगतातही. असा कुत्रा रागीट होत नाही, घाबरट होतो, आणि घाबरलेला कुत्रा समोर चोर आहे की तुमची सासू आहे ते बघत बसत नाही. शिवाय दिवसरात्र सगळ्यांवर भुंकणारा कुत्रा खरंच चोर आला तेव्हा भुंकला तरी तुम्ही उठून बघणार आहात का? कूस बदलून झोपणार.

ज्यांचं हे कामच आहे ते लोक काय करतात बघा. 1993 च्या स्फोटांच्या वेळी मुंबईत ज्याने ढिगाने आरडीएक्स शोधून दिलं तो पोलिसांचा जंजीर लॅब्रॅडॉर होता. स्फोटकांच्या कुत्र्याला वास लागला की गप बसायला शिकवतात, उकरायचं नाही, भुंकायचं नाही, कारण तिथे अतिउत्साह म्हणजे सगळ्यांच्या जिवाशी खेळ. जर्मनीतून आलेली आयजीपी नावाची परीक्षा आहे, आधी तिला शुट्झहुंड म्हणायचे, त्यात माग काढणं, आज्ञापालन आणि बचाव असे 100-100 मार्कांचे तीन भाग असतात. पण त्या परीक्षेला बसायच्या आधी कुत्र्याला साधी वागणुकीची परीक्षा पास व्हावी लागते, आणि बचावाच्या भागात हँडलरने, म्हणजे कुत्रा हाताळणाऱ्या माणसाने, सांगूनही कुत्र्याने समोरच्या माणसाच्या हातावरची जाड बाही सोडली नाही, वर दोनदा सांगूनही नाही, तर तो बाद, मग बाकी कितीही भारी काम करू दे.

आता सामान. एक रुंद साधा पट्टा, एक छातीपट्टा, दोन मीटरची लीश आणि एक दहा मीटरची लांब दोरी. बैलाचा कासरा चालतो, फक्त हलका बघा, बारीक नायलॉनची दोरी नको, कुत्र्याने झटका दिला की तळहात सोलून निघतो. लांब दोरी नेहमी छातीपट्ट्यालाच लावायची, गळ्यातल्या पट्ट्याला लावली आणि कुत्रा जोरात पळाला की मानेला हिसका बसतो. खाऊ म्हणून उकडलेलं चिकन किंवा काळीज, हरभऱ्याच्या दाण्याएवढे तुकडे. बिस्किटं नकोत, ती चावत बसतो आणि तोवर काय केलं म्हणून मिळालं तेच विसरतो. शिकवायचं जेवणाच्या आधी, एका वेळेला पाच मिनिटं, दिवसातून तीनचार वेळा, पोट भरलेल्या कुत्र्याला तासभर उभं करून काही होत नाही. उन्हाळ्यात विदर्भ-मराठवाड्याकडे तर सकाळी सातच्या आतच उरका, आणि डांबरावर न्यायच्या आधी हाताची पालथी बाजू टेकवून बघा, तुम्हाला सहन होत नसेल तर त्याच्या पंजालाही होत नाही.

पिल्लू असेल तर साधारण तीन ते चौदा आठवड्यांचा काळ सोन्याचा, या वयात जे बघितलं ऐकलं त्याची भीती पुढे राहत नाही. लसी पूर्ण व्हायच्या असतात म्हणून रस्त्यावर खाली सोडायचं नाही, पार्वो या जीवघेण्या साथीच्या रोगाचा धोका असतो, पण उचलून घेऊन ट्रॅक्टर, एसटी, हेल्मेटवाला माणूस, डोक्यावर पाटी घेतलेली बाई, सगळं लांबून दाखवायचं.

घरात शब्द ठरवा. बाबा म्हणतात ये, आई म्हणते इकडे ये रे, पोरगा म्हणतो कम, गडी म्हणतो आजा, कुत्र्याने काय समजायचं? एका कामाला एकच शब्द आणि तोही एकदाच. भाषा कुठलीही चालते, मी इंग्लिश शब्द घेतो कारण पाहुण्यांना दिवसभर बसा बसा चालू असतं. सुरुवातीचा महिनाभर शिकवणारा माणूसही एकच ठेवा, पोलिसांच्या श्वानपथकातही कुत्र्याचा हँडलर ठरलेला असतो. आणि बरोबर केल्याक्षणी म्हणायचा एक शब्द, समजा येस. येस म्हणजे खाऊ आलाच. पहिले दोन दिवस नुसतं येस, तुकडा, येस, तुकडा. हा शब्द त्याच क्षणी पडला पाहिजे, तो बसून उठल्यावर येस म्हणालात तर तुम्ही उठायला शिकवलंत.

बोलावणं लांब दोरीवर शिकवायचं. कुत्र्याला वास घेत जाऊ दे, त्याचं डोकं तुमच्याकडे थोडं वळलं की नाव आणि कम, आणि तुम्ही उलट्या दिशेने पळत सुटा, तो मागे येणारच. आला की एक तुकडा नाही, पाचसहा तुकडे एकामागून एक, आणि मग जा म्हणून परत मोकळं सोडा. हे परत सोडणं लोक विसरतात. आपण बोलावतो कधी, तर बांधायला, अंघोळ घालायला नाहीतर गाडीत कोंबायला, मग तो हुशार असेल तर येणारच नाही ना. दहातल्या नऊ वेळा बोलावून पुन्हा सोडून द्यायचं. उशिरा आला म्हणून फटका तर अजिबात नाही, त्याच्या हिशोबाने तुम्ही येण्याबद्दल मारलंत. नाहीच आला तर ओरडत बसू नका, दोरी गोळा करत शांतपणे त्याच्यापर्यंत जा. सहा महिन्यांपासून सव्वा वर्षापर्यंत तो अचानक बहिरा होतो, शिकलेलं सगळं पुसलं गेलंय असं वाटतं, तेव्हा पुन्हा लांब दोरी लावायची, चिडायचं नाही. कारवान किंवा पश्मी असेल तर ही दोरी जास्तच दिवस ठेवा, डोळ्याने सावज बघून पळणारी जात, ससा दिसला की तुमचा आवाज त्याच्यासाठी संपला.

डाऊन म्हणजे माझ्या लेखी ब्रेक. मध्ये रस्ता असेल, पलीकडून ट्रक येत असेल तर कम म्हणणं धोक्याचं, तिथल्या तिथे आडवं होणं कामाला येतं. जवळ डाऊन पक्कं झालं की छातीपट्ट्याने त्याला खांबाला बांधा, स्वतः एक पाऊल लांब उभे राहा, डाऊन म्हणा, झोपला की येस आणि तुकडा त्याच्या पंजांमध्ये किंवा मागे फेका. हातात द्यायला पुढे बोलावलंत तर पुढच्या वेळी सरकत सरकत येऊन मग झोपेल. रोज पाऊलभर अंतर वाढवत वीस पावलांपर्यंत न्या.

हीलवर, म्हणजे पायाला चिकटून चालण्यावर, फार वेळ घालवत नाही, राखणीच्या कुत्र्याला पट्टा न ओढता बाजूने चालता आलं तरी पुष्कळ. पट्टा ताणला की तुम्ही थांबा, सैल झाला की चाला, कंटाळवाणं आहे पण चालतं.

तोंडात धरलेलं सोडणं मात्र निगुतीने शिकवायचं. गोणपाटाची घट्ट गुंडाळी करा, हातभर लांब, दोन ठिकाणी सुतळीने बांधा. त्याच्याशी खेचाखेची खेळा, जोरात, त्याला जिंकू पण द्या. मग मधेच दोन्ही हातांनी गुंडाळी मांडीला घट्ट चिकटवा आणि थिजून जा, हात हलवायचा नाही, बोलायचं नाही, डोळ्यात बघायचं नाही. तो ओढेल, गुरगुरेल, बाजूने पकड बदलेल. मेलेल्या खेळण्यात मजा नसते, थोड्या वेळाने जबडा ढिला पडतो. दात सुटले त्या क्षणी येस आणि लगेच, अगदी लगेच, गुंडाळी परत त्याच्या तोंडात आणि खेळ सुरू. त्याला कळलं पाहिजे की सोडलं तर खेळ परत चालू होतो, संपत नाही. हे झटपट व्हायला लागलं की थिजायच्या आधी आउट हा शब्द घाला. तोंडात बोटं घालून जबडा उघडायचा नाही, हिसकायचं नाही, हिसकलं की तो अजून घट्ट धरतो, हा त्याचा स्वभावच आहे. पुढे बॉल, मग हाड, शेवटी गुंडाळी दुसऱ्या माणसाच्या हातात आणि आउट म्हणणारे तुम्ही.

अंगणात जमलं म्हणजे जमलं असं नाही. कुत्र्याला अंगणातलं डाऊन आणि बांधावरचं डाऊन एकच आहे हे आपोआप कळत नाही, प्रत्येक ठिकाणी थोडं नव्याने शिकवावं लागतं. अंतर, वेळ आणि आजूबाजूची गडबड, यातलं एका वेळी एकच वाढवा. शेळ्यांचा कळप चाललाय आणि तुम्ही तीस पावलांवरून पाच मिनिटांचा स्टे मागताय, तो उठणारच. शेळ्या असतील तर जवळ उभे राहा आणि दहा सेकंदच मागा. दहात आठ वेळा बरोबर आलं की पुढची पायरी, लागोपाठ दोनदा चुकलं की एक पायरी खाली. आधी कोंबड्या, मग टू-व्हीलर, मग दुसरा कुत्रा, मग आठवडी बाजाराच्या कडेला. खाऊ हळूहळू कमी, कधी तिसऱ्यांदा कधी सातव्यांदा, पण कम आणि आउटला माझा खिसा कायम उघडा असतो.

शॉक कॉलरबद्दल हमखास विचारतात. नका घेऊ. कुत्रा अनोळखी पोराकडे बघून भुंकतोय आणि तुम्ही बटण दाबलंत, त्याने झटका पोरामुळे बसला असं धरलं तर? पुढच्या वेळी तो भुंकणार नाही, सरळ चावेल.

राखणीचं म्हणाल तर गेटवर तीनचार वेळा भुंकला की तुम्ही जा, बघा, शाब्बास म्हणा, बोलावून पडवीतल्या पोत्यावर डाऊन. पाहुणे चहा पिऊन जाईपर्यंत तिथेच. तेवढ्याने निम्मं काम होतं, चोराला आवाजच नको असतो. जुन्नर-अकोले पट्ट्यात उसाच्या कडेला वस्ती असेल तर रात्री साखळीला बांधू नका, बिबट्याला ते आयतं जेवण आहे, वरून जाळी असलेला पिंजरा करा, आतून भुंकला तरी राखण होतेच.

आणि खरंच अंगावर जायचं शिकवायचं असेल तर दीड वर्षाच्या आधी नाही, आणि घरी चुलतभावाच्या हाताला पोतं गुंडाळून तर मुळीच नाही, त्याला शिकलेला डिकॉय, म्हणजे बाही घालून चोराचं काम करणारा माणूस, लागतो. ट्रेनर ठरवताना त्याला सांगा, तुमचा स्वतःचा कुत्रा बाहीवर लावा आणि पट्टा न ओढता एका आउटमध्ये सोडवून दाखवा. आज मूड नाही, ऊन आहे, नवीन जागा आहे अशी कारणं सुरू झाली तर अ‍ॅडव्हान्स देऊ नका.