रशच्या काड्यांचा ब्रिजिड क्रॉस कसा विणावा

३१ जानेवारीची संध्याकाळ आयर्लंडमध्ये संत ब्रिजिडची. दुसऱ्या दिवशी, १ फेब्रुवारीला, तिचा सण असतो आणि जुन्या आयरिश कालगणनेप्रमाणे वसंतही त्याच दिवशी सुरू होतो. आदल्या संध्याकाळी रश या पाणथळ जागी वाढणाऱ्या वनस्पतीच्या हिरव्या काड्या घरात आणायच्या, मिळून क्रॉस विणायचा आणि दाराच्या आतल्या बाजूला वर लावायचा, म्हणजे आग, भूक आणि आजार उंबऱ्याबाहेर राहतात अशी श्रद्धा. क्रॉस देशभर विणला जातो, पण ब्रिजिडचं गाव म्हणजे किल्डेअर. डब्लिनच्या नैर्ऋत्येला साधारण ५० किलोमीटरवर असलेल्या या गावाच्या आयरिश नावाचा अर्थ ‘ओकचं चर्च’. परंपरेनुसार ब्रिजिडने पाचव्या शतकात इथेच आपला मठ उभारला.

कथा अशी सांगतात की एक सरदार मरणाला टेकला होता. ब्रिजिड त्याच्या उशाशी बसली आणि जमिनीवर पसरलेल्या काड्या उचलून बोलता बोलता क्रॉस विणू लागली. तेव्हा मातीच्या जमिनीवर रश अंथरत असत, म्हणून तिच्या हाताशी तेच होतं. आजही हा क्रॉस ओल्या शेतात फुकट मिळणाऱ्या काड्यांचाच होतो. त्यासाठी ना खिळा लागतो, ना गोंद.

काडी ओळखणं

हवी ती वनस्पती म्हणजे मऊ रश, शास्त्रीय नाव जंकस इफ्यूसस. पाणथळ कुरणात तिचे गुडघाभर ते कमरेपर्यंत उंच, गडद हिरवे झुपके दिसतात. काडी गोल, गुळगुळीत, बिनगाठीची, आत पांढरा मऊ गाभा. एक काडी दोन बोटांत धरून फिरवा. सहज गरगरली तर रश. कडा बोचल्या, तीन बाजू लागल्या तर ती लव्हाळ्याच्या कुळातली. ती वाकवल्यावर कडेला चिरते, घेऊ नका. तोडून पाहिल्यावर गाभ्यात अधूनमधून पोकळ कप्पे दिसले तर तो कडक रश. तो चिवट असतो, बारीक विणकामाला त्रास देतो.

काडी कापू नका, उपटा. जुना रिवाज तसाच आहे, आणि त्यात कामाचा फायदाही आहे: पूर्ण लांबी मिळते आणि बुडाचा पांढरा, ओला भाग सोबत येतो. तळाशी घट्ट धरून सरळ वर ओढली की काडी निसटून येते. तिरकी ओढली तर मधेच मुडपते, आणि मुडपलेली काडी नेमकी घडी नको त्या जागी घेते. टोकाजवळ एका बाजूला तपकिरी फुलोऱ्याचा गुच्छ असतो, तिथून वरचा भाग खुडून टाका. पिवळ्या पडलेल्या, डाग असलेल्या, पेन्सिलीच्या शिशापेक्षा बारीक काड्या बाजूला काढा. उरलेली काडी निदान ४० सेंटिमीटर हवी, कारण ती मधोमध दुमडली की क्रॉसच्या हाताची लांबी निम्मी होते.

जागेबद्दल एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. शेत कुणाचं तरी असतं, विचारून मगच आत जा. रश म्हणजे शेतकऱ्याच्या लेखी तणच, त्यामुळे नकार क्वचित मिळतो. पण राखीव पाणथळीत हात लावू नये. किल्डेअरजवळचं पोलर्ड्सटाउन फेन हे राष्ट्रीय निसर्ग राखीव क्षेत्र आहे. तिथे काड्या दिसल्या तरी तिथल्याच राहू द्या. गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट घाला, फेब्रुवारीत ही जमीन पाण्याने तट्ट भरलेली असते.

काड्या त्याच दिवशी वापरल्या तर उत्तम. ठेवायच्या असतील तर ओल्या गोणपाटात गुंडाळून सावलीत, घराबाहेर, दोन-तीन दिवस. हीटर चालू असलेल्या खोलीत एका रात्रीत त्या कडकडीत होतात. वाळल्याच तर कोमट पाण्यात काही तास बुडवून, मग ओल्या टॉवेलात रात्रभर ठेवा. पाण्यातून काढल्याबरोबर विणायला घेतलं तर साल ओली आणि गाभा कोरडा राहतो, आणि काडी घडीवरच तडकते.

विणकाम

मोजमाप असं. एक सरळ काडी आणि प्रत्येक हाताला सात याप्रमाणे २८ दुमडलेल्या काड्या. काडी साधारण ३ मिलिमीटर जाडीची असेल तर मधला चौकोन ४ सेंटिमीटरच्या आसपास भरतो. पहिल्यांदाच करणाऱ्याने हाताला चार, म्हणजे एक अधिक १६ एवढ्यावर थांबावं. तुटण्यासाठी पाच-सहा जास्त ठेवा. शिवाय चार दोऱ्याचे तुकडे आणि एक कात्री.

पहिली काडी सर्वांत जाड निवडा आणि डाव्या हातात उभी धरा. ती दुमडायची नाही.

दुसरी काडी मध्यावर अंगठ्याने चेपा. आधी चेपून मग वाकवलं की साल फाटत नाही. एकदम वाकवली की हमखास फाटते. पहिलीच्या मध्यावर ती डावीकडून अडकवा, म्हणजे एक पदर पुढून, एक मागून, आणि दोन्ही टोकं उजवीकडे. घडी पहिलीला घट्ट भिडली पाहिजे.

आता सगळं एक चतुर्थांश वळण फिरवा, घड्याळाच्या काट्यांच्या उलट. दुसरीची टोकं वर येतात आणि पहिली काडी आडवी होते.

तिसरी काडी दुसरीच्या दोन्ही उभ्या पदरांभोवती डावीकडून अडकवा, टोकं पुन्हा उजवीकडे. पहिलीचं उजवं टोक तिसरीच्या दोन पदरांच्या मधे राहतं. हे तपासून पाहा. ते बाहेर सुटलं असेल तर पुढे सगळं सैल पडेल.

पुन्हा तसंच वळण. तिसरी वर. चौथी काडी तिसरी आणि तिच्यामधलं पहिलीचं टोक, दोन्हींभोवती मिळून अडकवा. पुन्हा वळण. पाचवी चौथीभोवती. आता चारही दिशांना हात तयार झाले. यापुढे नवं काही शिकायचं नाही. वर आलेल्या हाताभोवती नवी काडी, टोकं उजवीकडे, दाबा, फिरवा.

सगळं काम डाव्या अंगठ्यावर आहे. तो मध्यभागावरून उठला की पहिल्या चार काड्या सुटतात, कारण त्यांना अजून कुणी बांधलेलं नसतं. दुसऱ्या फेरीनंतर चौकोन स्वतःच स्वतःला धरू लागतो. म्हणून मुलांसोबत करताना पहिल्या दोन फेऱ्या होईपर्यंत मोठ्या माणसाने मध्य धरावा, काड्या मुलांनी अडकवाव्यात. तिथून पुढे मूल एकटं विणू शकतं.

नवी काडी आधीच्या फेरीतल्या काडीला बाहेरून खेटून बसवा, तिच्या अंगावर चढवू नका. चढली की चौकोनाला फुगवटा येतो आणि तो नंतर दाबून जात नाही. दर वळणानंतर एक खूण पाहायची: नुकतीच घातलेली काडी वर तोंड करून आहे ना? खाली गेली असेल तर तुम्ही उलट फिरवलंत, परत आणा. सर्वांत जास्त क्रॉस इथेच बिघडतात. डावखुऱ्यांनी आरशातल्यासारखं करावं: टोकं डावीकडे आणि वळण काट्यांच्या दिशेने. दोन्ही पद्धती बरोबर आहेत, एका क्रॉसमध्ये त्यांची सरमिसळ मात्र चालत नाही.

आणखी एक बारकावा, जो बहुतेक ठिकाणी कुणी सांगत नाही. काडी बुडाशी जाड आणि शेंड्याला बारीक असते. जाड पदर दर वेळी पुढेच ठेवला तर एका बाजूला क्रॉस जड होतो आणि वाळताना पिळवटतो. म्हणून एकदा बूड पुढे, पुढच्या फेरीत बूड मागे, असं आलटून पालटून घ्या.

शेवट करताना शेवटच्या काडीचा हात आधी बांधा. बाकी सगळ्या काड्यांना पुढच्या काडीने कवेत घेतलेलं असतं, शेवटची तेवढी मोकळी असते. चौकोनापासून ८ ते १० सेंटिमीटरवर दोरा दोनदा गुंडाळून घट्ट गाठ मारा, मग उरलेले तीन हात. चारही बांधून झाल्यावरच टोकं कापा, हाताची लांबी मध्यापासून १२ ते १५ सेंटिमीटर ठेवून. आधी कापलीत तर ओढून घट्ट करायला काही उरत नाही. रबर बँड सोपा वाटतो, पण वर्षभरात तो कुजून तुटतो. लोकरीचा किंवा सुती दोरा घ्या.

तीन हातांचाही क्रॉस असतो; तो पूर्वी गोठ्यात लावत. शिवाय काटकी आणि गवत गुंडाळून केलेले चौकटीचे, वेणीचे असे कितीतरी प्रकार आहेत. कॅसलबार गावाजवळच्या टर्लो पार्कमध्ये, राष्ट्रीय संग्रहालयाच्या ग्रामजीवन विभागात, असे क्रॉस पाहायला मिळतात. पण चौकोनी मध्य आणि चार सरकलेले हात हाच आकार सगळ्यांच्या डोळ्यांत बसला आहे. १९६१ साली सुरू झालेल्या आयरिश दूरचित्रवाणीने तोच आपलं बोधचिन्ह म्हणून घेतला होता.

घोळक्यात विणायचं असेल तर

हा क्रॉस एकट्याने विणायची वस्तू नाही. जुन्या रिवाजात काड्यांची जुडी घेऊन घरातली एक मुलगी दाराबाहेर उभी राहते आणि हाक देते: गुडघ्यांवर बसा, डोळे उघडा, ब्रिजिडला आत घ्या. आतले म्हणतात, ये, तुझं स्वागत आहे. जुडी जेवणाच्या टेबलाखाली ठेवायची, जेवण आटोपायचं आणि मग त्याच टेबलावर विणायला बसायचं. शाळेत किंवा गावच्या सभागृहात करतानाही हा क्रम ठेवा. दोनच मिनिटं लागतात, आणि काड्या ‘आणल्या’ जातात.

वीस जणांसाठी एक अधिक १६ या मापाने ३४० काड्या लागतात. तुटीसकट ४५० धरा. आदल्या दिवशी निवडून २२-२२ च्या जुड्या बांधा आणि प्रत्येक जुडी ओल्या कापडात ठेवा. मोठा ढीग मधे टाकला की पहिले लोक चांगल्या काड्या उचलतात आणि कडेच्या मुलांना कचरा मिळतो. नवशिक्याला अर्धा-पाऊण तास द्या. दाखवणाऱ्याने शिकणाऱ्याच्या समोर बसू नये, शेजारी बसावं. समोरून दिशा उलट दिसते आणि सगळं टेबल काट्यांच्या दिशेने फिरवू लागतं. रश मिळत नसेल तिथे भिजवलेला गव्हाचा पेंढा चालतो. सरावासाठी हस्तकलेतल्या केसाळ तारा बऱ्या, त्या सुटत नाहीत.

किल्डेअरला जात असाल तर

२०२३ पासून या सणाची देशाला सुट्टी असते: फेब्रुवारीचा पहिला सोमवार, मात्र १ तारीख शुक्रवारी आली तर तोच शुक्रवार. त्या आठवड्यात गाव जागं असतं. १९९३ साली ब्रिजिडाइन सिस्टर्स या जोगिणींच्या संघाने बाजार चौकात ब्रिजिडची ज्योत पुन्हा पेटवली. २००६ पासून त्या चौकात ज्योतीचा स्तंभ आहे. बाराव्या शतकात लिहिणाऱ्या जेराल्ड ऑफ वेल्सने या गावातल्या अखंड अग्नीची नोंद केली आहे: १९ जोगिणी एकेक रात्र तो राखत आणि विसाव्या रात्री तो स्वतः ब्रिजिडवर सोपवत. कथीड्रलच्या आवारात त्या अग्निस्थानाचा पाया दाखवतात, शेजारी ३० मीटरहून उंच गोल मनोरा आहे. विणायला शिकायचं असेल तर सोलस व्रीदा हे केंद्र गाठा; जागा आधी नोंदवा.

गावाजवळच, टुलीच्या बाजूला ब्रिजिडची विहीर आहे. शेजारच्या झाडाला लोक कापडाच्या चिंध्या बांधतात. चिंधी कुजत जाईल तसं दुखणं जाईल, अशी कल्पना. म्हणून बांधलीत तर सुती बांधा, सैल गाठीने. नायलॉन कुजत नाही आणि वाढत्या फांदीचा गळा आवळतो.

लावणं आणि सांभाळणं

क्रॉस दाराच्या आत, चौकटीच्या वर, किंवा स्वयंपाकघरात लावतात. चुलीच्या किंवा हीटरच्या थेट वर नको: वाळून ठिसूळ होतो, शिवाय पेटू शकतो. हिरवा रंग काही आठवड्यांत फिका पडत पिवळट-तपकिरी होतो, त्यात बिघाड काही नाही. वाळताना काड्या आकसतात आणि दोरे ढिले पडतात. आठवड्याने खाली काढून चारही गाठी सोडून पुन्हा आवळा. बुरशी धरली तर ती बहुधा ओलसर भिंतीला टेकल्यामुळे. मागे बुचाचा छोटा तुकडा ठेवून हवा खेळू द्या.

पुढच्या वर्षी नवा आला की जुना कचऱ्यात टाकत नाहीत. काही घरांत तो जाळतात किंवा मातीत पुरतात. गवती छपरांच्या घरांत जुना क्रॉस आढ्याच्या गवतात खोचून ठेवत आणि दरवर्षी त्याच्याशेजारी नवा खोचत, त्यामुळे छप्पर उतरवताना क्रॉस मोजून त्या घरात किती हिवाळे निघाले ते कळत असे.